तुमच्याकडे देव किती?

एक? तीन? साडेतीन? सात? तेहतीस कोटी? की चक्क झीरो? देवांच्या या हिशेबावर जगभरच्या विद्वानांनी जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत. पण नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला गेलात, तर हा सगळा हिशेब एका वीकेंडमध्ये समोर उभा राहतो. आणि लक्षात येतं, की मुद्दा आकड्याचा नाहीच!

लग्नाच्या साइटवर प्रोफाइल टाकलंय कधी? उंची, शिक्षण, पॅकेज, ‘बाहेरगावी सेटल व्हायला तयार आहात का’... सगळं पटापट भरून होतं. मग येतो कुलदैवताचा रकाना. आपल्यापैकी निम्मे जण इथे अडकतात आणि घरी फोन लावतात, ‘आई, आपलं कुलदैवत कोणतं गं?’

आता दुसरा सीन. समजा, ऑफिसातलं कुणीतरी नवरात्रात माहूरला जाऊन आलंय आणि सोमवारी डब्यातून रेणुकामातेचा तांबूल घेऊन आलंय. कुटलेल्या विड्याचा हा प्रसाद म्हणजे माहूरची खास ओळख. डबा कँटीनच्या टेबलावर फिरतो. एक जण कपाळाला लावून खातो. दुसरी ‘वॉव, मस्त पान आहे’ म्हणत खाते. तिसरा हसून म्हणतो, ‘नको रे, आमच्यात चालत नाही.’ क्षणभर टेबल गप्प. मग कुणीतरी सांभाळून घेतं, ‘जाऊ दे रे, शेवटी सगळे देव एकच!’ आणि गाडी क्रिकेटवर येते.

पण जरा थांबा. हा तिसरा कोण? तो मुसलमान असू शकतो, शीख असू शकतो, बौद्ध असू शकतो, नाहीतर महानुभाव असू शकतो. चौघांचं ‘नको’ सारखंच ऐकू येतं, पण चौघांची कारणं वेगळी. आणि गंमत म्हणजे ‘सगळे देव एकच’ हे आपलं पेटंट वाक्य त्यातल्या एकालाही नीटसं पटणारं नाही.

मेन्यू सोपा, डोंगर अवघड

कॉलेजच्या पुस्तकात हा विषय ड्रॉपडाउन मेन्यूसारखा असतो. एकच देव मानला की एकेश्वरवाद: ज्यू, ख्रिश्चन, मुसलमान, शीख. अनेक देव मानले की अनेकेश्वरवाद: जुने ग्रीक, जुने रोमन आणि अर्थातच ‘आपण’. देव मानलाच नाही तर निरीश्वरवाद: जैन, बौद्ध, चार्वाक. सगळंच ब्रह्म म्हटलं की अद्वैत. एक ऑप्शन निवडा आणि ‘नेक्स्ट’ दाबा!

हा मेन्यू घेऊन माहूरला जा, म्हणजे फजिती कळेल. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे हे डोंगरातलं गाव आहे. पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. एका शिखरावर रेणुका, दुसऱ्यावर दत्त, तिसऱ्यावर अनसूया. गावात महानुभावांचं देवदेवेश्वर मंदिर. जवळच सोनापीर बाबांचा दर्गा, थोडं पुढे वझऱ्याला धबधब्याशेजारी शेख फरीद बाबांचा दर्गा. आजूबाजूला गोंड, कोलाम आणि बंजारा वस्त्या. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांसारखी इथे बौद्ध वस्तीही आहे. आणि जिल्ह्याचं ठिकाण नांदेड, म्हणजे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक! देवांच्या संख्येबद्दल माणूस जितकी उत्तरं देऊ शकतो, त्यातली बहुतेक इथे एकाच जिल्ह्यात सापडतात.

साडेतीनातली एक

सुरुवात गडावरच्या रेणुकेपासून. महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी अर्धी. देवांच्या हिशेबात ‘अर्धा’ चालवून घेणारे आपण एकटेच नाही बरं का, पण त्याबद्दल चौकटीत वाचा.

रेणुका म्हणजे जमदग्नींची पत्नी आणि परशुरामाची आई. कथा अशी, की सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारलं. परशुराम कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह आणि दुसऱ्यात आईला बसवून निघाला आणि इथे पोचला. दत्तात्रेयांनी अंत्यविधी केले, रेणुका सती गेली. परशुराम आईसाठी कासावीस झाला तेव्हा आकाशवाणी झाली, की आई जमिनीतून वर येईल, पण मागे वळून बघू नकोस. लेकाला राहवलं नाही, त्याने बघितलं आणि तोवर फक्त आईचा चेहराच वर आला होता. म्हणून गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही, शेंदराने माखलेलं भव्य मुख आहे. गावाचं जुनं नाव मातापूर.

हीच रेणुका कर्नाटकात सौंदत्तीला यल्लम्मा म्हणून भेटते. एकच देवी, दोन पत्ते. यात भक्तांना काहीच खटकत नाही. लग्नानंतरच्या गोंधळात तर अक्षरशः गेस्ट लिस्ट असते. गोंधळी गावोगावच्या देवांची नावं घेऊन त्यांना बोलावतो आणि एकाला बोलावलं म्हणून दुसरा रुसत नाही. गोंधळ्यांमध्येही रेणुराई आणि कदमराई असे दोन भाग. पहिले माहूरच्या रेणुकेचे, दुसरे तुळजापूरच्या भवानीचे.

मग याला अनेकेश्वरवाद म्हणायचं का? कागदावर हो. पण गाभाऱ्यासमोर उभ्या असलेल्या बाईला विचारा. त्या क्षणी तिच्यासाठी रेणुका ही ‘अनेकांपैकी एक’ नसते. तीच सगळं असते. ऋग्वेद वाचताना मॅक्स म्युलरला हेच कोडं पडलं होतं. तिथे इंद्राची स्तुती चालू असते तेव्हा इंद्र सर्वश्रेष्ठ, अग्नीची चालू असते तेव्हा अग्नी. ‘एक’ आणि ‘अनेक’ यांच्या मधला हा प्रकार सांगायला त्याला वेगळा शब्द वापरावा लागला. आपल्या आज्यांना तो शब्द कधी लागला नाही. घरात कुलदैवत, गावात ग्रामदैवत, मनात इष्टदैवत अशी कामाची वाटणी त्यांनी केव्हाच करून ठेवली होती.

तीन तोंडं की एक?

दुसऱ्या शिखरावर दत्त. अत्री आणि अनसूयेचा मुलगा. ब्रह्मा, विष्णू, महेश असे तिन्ही देव एकाच देहात, म्हणून तीन शिरं आणि सहा हात. परंपरा सांगते, की दत्तगुरू रोज कुठे कुठे फिरतात, पण झोपायला माहूरला येतात.

इथे तीन मोजायचे की एक? ख्रिश्चन मित्राला विचारलंत तर तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा सांगेल आणि पुढे ठामपणे म्हणेल, ‘पण देव एकच!’ तीन आणि एक एकाच वेळी खरे असू शकतात, यावर चर्चमध्ये शतकानुशतकं वाद झाले. दोन्ही कल्पना सारख्या आहेत असं मुळीच नाही. ख्रिश्चनांना तिथे तीन देव म्हटलेलं चालत नाही, आपल्याकडे मात्र तिन्ही देव स्वतंत्रपणेही नांदतात. पण एक नक्की, की नुसता आकडा विचारून दोन्हींपैकी काहीच कळत नाही.

आणि खरा ट्विस्ट पुढेच आहे. याच माहूरला, याच दत्ताला मानणारे महानुभाव पंथीय आहेत. पण त्यांचा दत्त एकमुखी! तीन देवांचा संगम वगैरे त्यांना मान्य नाही. नाव तेच, डोंगर तोच, हिशेब एकदम वेगळा.

८१ कोटी मोजून एकालाच मानणारे

महानुभाव पंथ तेराव्या शतकातला. चक्रधरस्वामींनी स्थापलेला. त्यांच्या आठवणींचा ‘लीळाचरित्र’ हा म्हाइंभटांनी सिद्ध केलेला ग्रंथ म्हणजे मराठी गद्याची पहिली मोठी इमारत, हे शाळेत वाचलेलं आठवत असेल. पण शाळेत त्यांचं तत्त्वज्ञान फारसं कुणी सांगत नाही, आणि तेच भन्नाट आहे.

त्यांच्या मते चार गोष्टी अनादी आणि एकमेकांपासून वेगळ्या आहेत: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. परमेश्वर एकच. त्याचे पाच अवतार म्हणजे पंचकृष्ण: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. मग बाकीचे देव खोटे का? अजिबात नाही! महानुभावांनी देवतांची यादी केलीय आणि त्यांचा आकडा आहे ८१ कोटी सव्वा लाख १०. चेष्टा नाही. आपण तेहतीस कोटींवर थांबतो, तर हे एकेश्वरवादी लोक त्याच्या दुपटीहून जास्त देव मोजतात.

मोजतात, पण पूजत नाहीत. त्यांचं लॉजिक सरळ आहे: देवता आहेत, त्यांच्याकडे शक्ती आहे, त्या फळही देतात. पण ते फळ संपणारं असतं. जन्ममरणातून सोडवणं त्यांच्या हातात नाही, ते फक्त परमेश्वराच्या हातात. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर किरकोळ रजा कुणीही मंजूर करेल, पण कायमची सुटका एकाच टेबलावर होते! म्हणून श्रद्धेने पंथ पाळणाऱ्या महानुभाव घरात इतर देवतांना नवस नाही, पूजा नाही आणि त्यांचा प्रसादही नाही. कँटीनमधलं ते ‘नको रे’ आठवलं?

माहूर त्यांना फार जवळचं. पंथाच्या परंपरेप्रमाणे इथेच दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात येऊन चक्रपाणींच्या डोक्यावर पंजा ठेवला आणि ज्ञानशक्ती दिली. रवळोबासांचा ‘सह्याद्रिवर्णन’ हा पंथाच्या प्रसिद्ध सात काव्यग्रंथांपैकी एक ग्रंथ याच स्थानाबद्दल आहे. देवदेवेश्वराला येणारे महानुभाव एकमेकांना ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात.

या वेगळेपणाची किंमतही पंथाने मोजली. इतर देवतांना आणि वेदप्रामाण्याला नाही म्हणणाऱ्यांकडे समाज संशयाने बघत राहिला. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला ते वाचताच येत नव्हते. म्हणजे मराठीतलं सगळ्यात जुनं गद्य कित्येक शतकं मराठी माणसालाच बंद होतं!

‘तुम्ही किती देवे?’

आता गडावरून खाली उतरू. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यातल्या गोंड समाजात देवांची संख्या हा तत्त्वज्ञानाचा प्रश्नच नाही. तो सोयरिकीचा प्रश्न आहे. कुळं चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गटांत विभागलेली. सारख्याच संख्येचे देव असलेली कुळं म्हणजे भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणजे सात देव्यांच्या मुलाने सात देव्यांची मुलगी करायची नाही. आपण साइटवर गोत्र फिल्टर लावतो ना, तसंच, पण फिल्टर आकड्याचा.

त्यांचा कुळदेव म्हणजे पेन. त्याची खूण घरातल्या देव्हाऱ्यात मांडलेली नसते. लोखंडी भाल्याचं पातं आणि चवरी अशी ती खूण गावाबाहेर झाडाच्या आश्रयाला जपून ठेवतात, आणि कुळाची कथा परधान किंगरीवर गातात. हा भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. याच आदिलाबादच्या गोंडांवर १९४० च्या दशकात फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन अभ्यासकाने काम केलं. पलीकडे केसलापूरला पौष अमावास्येला मेश्राम कुळाची नागोबाची जत्रा आजही भरते.

याला कोणत्या ऑप्शनमध्ये टाकणार? खुद्द सरकारलाही ते जमलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ७९ लाख लोकांची नोंद ‘इतर धर्म’ अशी झाली आणि त्यात बरेचसे आदिवासी होते. झारखंडच्या विधानसभेने २०२० मध्ये सरना धर्मासाठी वेगळ्या रकान्याचा ठराव केला. गोंडांमध्येही स्वतःच्या धर्माला स्वतःचं नाव हवं अशी मागणी आहे.

आकड्यातला एक

नांदेडला या. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथेच निवर्तले. त्यांच्यानंतर देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. सचखंड श्री हजूर साहिबची आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. शिखांच्या ग्रंथाची सुरुवात ‘एक ओंकार’ने होते आणि त्यातला ‘एक’ अक्षरात लिहिलेला नाही, चक्क १ हा आकडा आहे! देव निराकार, मूर्तिपूजा नाही. पण याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव, पंढरीच्या विठ्ठलाशी लहान मुलासारखे भांडणारे!

दर्ग्यातला ‘एक’ आणखी वेगळा. इस्लाममध्ये अल्लाहला भागीदार नाही आणि त्याच्या जोडीला कुणाला बसवणं हे सगळ्यात मोठं पाप. मग सोनापीर बाबांच्या मजारीवर चादर का? दर्ग्याला जाणारा मुसलमान सांगेल, की मागणं अल्लाहकडेच, बाबा फक्त वशिला. दुसरा मुसलमान म्हणेल, की हेसुद्धा बरोबर नाही, थेट माग. आणि शेजारी उभा असलेला हिंदू भाविक बाबांना आपल्या देवांच्या यादीत केव्हाच सामील करून मोकळा झालेला असतो. उंबरठा एक, हिशेब तीन!

आणि शून्य

शेवटचा आकडा शून्य. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यातल्या पहिल्या काही प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव न मानण्याच्या आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध आहेत.

यातली एक प्रतिज्ञा आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची: बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, हे मी मानणार नाही. नीट बघा. इथे नकार कुणा शत्रूला नाहीये, मिठीला आहे. ‘तुमचा बुद्ध पण आमचाच की’ या प्रेमळ वाक्याला हा नकार आहे. आपण मोठ्या मनाने सगळ्यांना आपल्या यादीत घेतो, पण समोरच्याला त्या यादीत यायचंय का, हे विचारलेलं नसतं. आणि ज्यांना शतकानुशतकं देवळाबाहेर उभं केलं, त्यांना एकदम ‘देव एकच’ म्हणून आत ओढणं यात मोठेपणा कसला?

चौकट: याज्ञवल्क्याचं काउंटडाउन

‘देव किती?’ हा प्रश्न आजचा नाही. बृहदारण्यक उपनिषदात, जनकाच्या सभेत विदग्ध शाकल्य याज्ञवल्क्याला हाच प्रश्न विचारतो.
• पहिलं उत्तर: ३३०६
• पुन्हा विचारल्यावर: ३३
• मग: ६, ३, २
• मग चक्क: दीड!
• शेवटी: १

तेहतीस कसे? आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, शिवाय इंद्र आणि प्रजापती. दीड म्हणजे वारा आणि एक म्हणजे प्राण. शाकल्य प्रत्येक वेळी ‘बरोबर’ म्हणतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो. एकही उत्तर खोडलं जात नाही. आपल्या साडेतीन पीठांना अर्ध्याची लाज का वाटत नाही, हे आता कळलं?

मग विचारायचं काय?

यान अस्मान नावाचा एक जर्मन अभ्यासक होता. प्राचीन इजिप्त हा त्याचा विषय, २०२४ मध्ये तो वारला. त्याचं म्हणणं असं, की धर्मांमधला खरा फरक ‘एक की अनेक’ हा नाहीच. फरक तिथे पडतो, जिथे धर्म पहिल्यांदा म्हणतो, ‘हे खरं आणि ते खोटं.’ त्याआधी देवांची भाषांतरं व्हायची. ग्रीकांचा झ्यूस म्हणजे रोमनांचा ज्युपिटर, तसं आपलं रेणुका आणि यल्लम्मा.

अस्मानचा मुद्दा दमदार आहे. पण माहूर त्याच्याही एक पाऊल पुढे जातं. कारण इथे ‘नाही’चे बरेच प्रकार आहेत. मुसलमान आणि शीख म्हणतात, पूजेला योग्य असा दुसरा कुणी नाहीच. महानुभाव म्हणतात, दुसरे आहेत, पण अपुरे आहेत. गोंड म्हणतो, तुमचा तुम्हाला, माझा माझ्या कुळाला. बौद्ध म्हणतो, माझी सुटका देवाच्या हातात नाही. आणि रेणुकेचा भक्त म्हणतो, सगळे आहेत, पण माझी आई ही. यातल्या प्रत्येक ‘नाही’च्या मागे पूर्ण विचार आहे, आणि बऱ्याचदा पिढ्यान्‌पिढ्या मोजलेली किंमत आहे. ‘सगळे देव एकच’ म्हणताना आपण सगळ्यांना गोड बोलून गप्प करतो, एवढंच!

हे सगळं आपल्या पिढीच्या अगदी दाराशी आलंय, कारण आपण लग्नं स्वतः ठरवतोय. समजा, मुलगा रेणुका कुलदैवत असलेल्या घरातला आणि मुलगी महानुभाव. दोघंही मराठी, दोघंही शाकाहारी, पत्रिका बघणारं कुणी नाही. सगळं जुळलं! आणि लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणतात, ‘चला, जोडीने देवीला जाऊन ओटी भरून या, मग गोंधळ घालू.’ सूनबाई गप्प. तिला उद्धट व्हायचं नाहीये, पण तिच्या आईवडिलांनी जन्मभर जे पाळलं, ते एका दुपारीत सोडायचं कसं? गंमत बघा, दोघांचंही तीर्थक्षेत्र माहूरच! एकाच गाडीने जाता येईल, एकाच हॉटेलात जेवता येईल. फक्त तो गडावर जाईल आणि ती देवदेवेश्वराला. असं चालेल का, हे साखरपुड्याआधी बोललं गेलं असेल तर मजेत ट्रिप होते. नसेल तर त्याच ट्रिपमध्ये पहिलं भांडण.

म्हणून कॉफीवर भेटाल तेव्हा पगार आणि फ्लॅटच्या आधी हे तीन प्रश्न विचारून बघा:

१. तुमच्याकडे काय चालत नाही? (‘तुम्ही कुणाला मानता?’ पेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा.)
२. ते तुझं स्वतःचं आहे की फक्त घरच्यांचं?
३. मी माझं पाळलं तर तुझ्या घरात कुणाला दुखेल?

उत्तरं अवघड निघतील, कदाचित न पटणारीही. पण माहूरच्या डोंगरावर इतके वेगवेगळे हिशेब शेजारी शेजारी मांडलेले आहेत आणि त्यातला कुठलाही दुसऱ्यात मिसळून पुसला गेलेला नाही. रेणुकेचा तांबूल तांबूलच राहिला आणि महानुभावांचं ‘नको’ ‘नको’च राहिलं. दोन माणसांच्या संसारात आणि आठ माणसांच्या कँटीनच्या टेबलावर एवढं जमायला काय हरकत आहे?

आणि हो, आईला कुलदैवत विचारायला फोन लावालच, तेव्हा आणखी एक विचारा: ‘आपल्याकडे काय चालत नाही गं, आणि का?’ फोन लवकर संपणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते!